नाटकगृहाला नटाचे नाव

कोल्हापूरचे खासबाग कुस्तीमैदान आपल्याला ठाऊक आहे. त्याला लागूनच शाहू महाराजांनी एक नाटकगृह बांधले. १९१५ साली ते उघडले. त्याला पॅलेस थिएटर म्हणत. पॅलेस म्हणजे राजवाडा.

१९५७ साली हे नाव बदलले. नवे नाव ठेवले, केशवराव भोसले नाट्यगृह.

हे केशवराव कोण? ते राजे नव्हते, नट होते. १८९० साली कोल्हापुरात गरिबाघरी जन्मले. पोरवयातच नाटक कंपनीत गेले. गळा मोठा गोड आणि खडा. १९०८ साली त्यांनी 'ललितकलादर्श' ही स्वतःची नाटक मंडळी काढली. १९२१ साली ते आणि बालगंधर्व 'मानापमान' नाटकात एकत्र उभे राहिले. तो खेळ टिळक स्वराज्य फंडासाठी होता. त्याच वर्षी केशवराव वारले. वय अवघे ३१.

सुताराचा नांगर मागे राहतो. गवंड्याची भिंत राहते. नटाचे काय राहते? पडदा पडला की गाणे विरून जाते. म्हणून त्याचे नाव वास्तूला द्यायचे. मग तिकीट काढताना, वाट विचारताना ते नाव तोंडी येते.

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री या नाटकगृहाला आग लागली. दुसऱ्याच दिवशी केशवरावांची जयंती होती. छप्पर आणि रंगमंच जळून गेले. नाव मात्र जळाले नाही. त्याच नावाने ते पुन्हा उभारायचे ठरले.

आपल्या गावीही कोणी शाहीर, कोणी भजनीबुवा होऊन गेले असतील. त्यांचे नाव कोठे लिहिले आहे काय? नसेल तर आपण लिहू या. आता आपल्याला लिहिता येते.