अर्धसत्य: वडाळा ते मुंब्रा बायपास

गुंड रामा शेट्टीला हात लावता येत नाही, म्हणून अनंत वेलणकरचा हात एका भुरट्या चोरावर पडतो. दारू प्यालेला फौजदार त्याला कोठडीत मरेस्तोवर मारतो. ‘अर्धसत्य’ म्हटले की लोकांना वेलणकरने शेट्टीचा आवळलेला गळा आठवतो. तो चोर फारसा कुणाला आठवत नाही. माझ्या मते सगळा चित्रपट त्या चोरापाशी येऊन थांबतो.

गोविंद निहलानींचा हा हिंदी चित्रपट १९८३चा, पण मुळे मराठी. कथा श्री. दा. पानवलकरांची ‘सूर्य’, पटकथा विजय तेंडुलकरांची, नाव दिलीप चित्रे यांच्या कवितेचे. शेट्टीच्या भूमिकेत मराठी रंगभूमीवरचे सदाशिव अमरापूरकर. आवाज न चढवता ते समोरच्याचा पाणउतारा करतात. ओम पुरींना वेलणकरसाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, आणि तो अगदी योग्य होता.

१९७३च्या ‘जंजीर’मधला इन्स्पेक्टर चिडतो तेव्हा त्याची चीड योग्य ठिकाणी पोचते. तेंडुलकरांनी ती सोय काढून घेतली. वेलणकरचा बाप पोलिसातलाच, बायकोला मारणारा. पोराला वर्दी हवी होती की नाही, हे त्याने विचारलेही नाही. शेट्टीच्या माणसांना अटक केली की वरून फोन येतो, डाकू पकडला तर श्रेय दुसऱ्याला. अपमान वरून येतो आणि खाली, ज्याच्यामागे कुणी नाही त्याच्यावर निघतो. वेलणकर वाईट माणूस नाही, म्हणूनच हे बघवत नाही.

काळही तसाच होता. ११ जानेवारी १९८२ला वडाळ्यात गुंड मन्या सुर्वे पोलिसांच्या गोळ्यांनी मारला गेला. मुंबईतली ही पहिली नोंदलेली चकमक मानतात. आठवड्याभरात गिरणी संप सुरू झाला, ऑगस्टमध्ये खुद्द पोलीसच रस्त्यावर उतरले.

आम्हा ठाणे-डोंबिवलीकरांना मात्र आज हा चित्रपट २०२४मुळे बघावा लागतो. २० ऑगस्टला बदलापुरात लोक रुळांवर उतरले, लोकल तासन्‌तास बंद राहिल्या. शाळेत दोन चिमुरड्यांवर अत्याचार झाला होता आणि तक्रार नोंदवायला पोलिसांनी वेळ लावला होता. तो संताप शंभर टक्के न्याय्य होता. २३ सप्टेंबरला तळोजा कारागृहातून ठाण्याकडे आणताना आरोपी मुंब्रा बायपासजवळ पोलीस व्हॅनमध्येच गोळी लागून मेला. त्याने पिस्तूल हिसकावून गोळी झाडली, असे पोलिसांनी सांगितले. बदलापुरात पेढे वाटले गेले.

अशा प्रत्येक मृत्यूचा गुन्हा नोंदवा, तपास वेगळ्या पथकाकडे द्या, लगेच शौर्यपदके वाटू नका, असे सर्वोच्च न्यायालयाने बजावले होते. महाराष्ट्रातल्याच चकमकींच्या खटल्यात, २३ सप्टेंबर २०१४ला, म्हणजे बरोबर दहा वर्षे आधी. जानेवारी २०२५मध्ये दंडाधिकाऱ्यांच्या चौकशी अहवालाने मुंब्र्याच्या मृत्यूसाठी पाच पोलिसांना जबाबदार धरले. एप्रिलमध्ये उच्च न्यायालयाने विशेष तपास पथक नेमायला सांगितले.

पेढे वाटणाऱ्यांचा राग मला कळतो. पण त्या आरोपीवरचा खटला त्याच्याबरोबरच संपला. भर न्यायालयात पुरावे मांडून त्याला दोषी ठरवलेले ऐकण्याचा हक्क त्या मुलींच्या आईवडिलांचा होता. तो त्यांच्याकडून कुणी हिरावला, याचा तपास शेवटापर्यंत गेलाच पाहिजे.