दगडी वाटेवरील महिलांची सायकल शर्यत

उत्तर फ्रान्समधील पॅरिस-रुबे ही सायकल शर्यत सन १८९६ मध्ये सुरू झाली. या शर्यतीत महिलांना प्रवेश मिळाला तो मात्र २ ऑक्टोबर २०२१ रोजी, म्हणजे तब्बल सव्वाशे वर्षांनी. महिलांची रस्त्यावरील जागतिक अजिंक्यपद शर्यत १९५८ पासून होत होती आणि ऑलिंपिकमध्ये १९८४ साली तिचा समावेशही झाला होता. तेव्हा उणीव होती ती संधीची, क्षमतेची नव्हे.

एका दिवसाचा निकाल

अनेक दिवस चालणाऱ्या शर्यतीत रोजच्या वेळेची बेरीज केली जाते. एकदिवसीय शर्यतीत अंतिम रेषा प्रथम ओलांडणारी स्पर्धक विजयी ठरते. चाक पंक्चर झाले वा तोल गेला, तर नुकसान भरून काढावयास दुसरा दिवस नसतो. पुढील सायकलच्या आडोशाने जाणाऱ्या स्पर्धकास वाऱ्याचा विरोध पुष्कळ कमी होतो. म्हणूनच सहकारी खेळाडू आपल्या प्रमुख स्पर्धकाला वाऱ्यापासून जपतात आणि प्रसंगी आपले चाकही काढून देतात. नाव एकीचे होत असले, तरी श्रम साऱ्या संघाचे असतात.

रस्त्याची परीक्षा

२०२१ ची महिलांची शर्यत दनँ ते रुबे अशी ११६.४ किलोमीटरची होती. त्यांपैकी २९.२ किलोमीटरचा मार्ग १७ टप्प्यांत विभागलेल्या जुन्या दगडी वाटांचा होता. या वाटा मूळच्या शेतीच्या. दगडांमधील माती पावसाने वाहून गेली की त्या खचतात. त्यांच्या दुरुस्तीसाठी स्वयंसेवकांची एक संघटना झटत असते. विजेत्यास मिळणारे स्मृतिचिन्हही अशाच वाटेवरील एक दगड असतो. ‘उत्तरेचा नरक’ हे शर्यतीचे टोपणनाव मात्र दगडांमुळे पडलेले नाही. पहिल्या महायुद्धात उद्ध्वस्त झालेला हा प्रदेश १९१९ मध्ये पाहणाऱ्या पत्रकारांनी ते दिले.

पहिल्या शर्यतीत ब्रिटनच्या लिझी डाइग्नन यांनी ८२ किलोमीटर शिल्लक असतानाच आघाडी घेतली आणि ओल्या, निसरड्या दगडांवरून एकटीने मार्ग कापून विजय मिळविला. अखेरीस त्यांच्या सायकलच्या मुठींवर रक्ताचे डाग होते. २०१८ मध्ये मातृत्व लाभल्यानंतर त्या पुन्हा स्पर्धेत उतरल्या होत्या, हे विशेष होय.

समान श्रम, असमान मोबदला

या विजयाचे पारितोषिक होते १,५३५ युरो. दुसऱ्याच दिवशी पुरुष विजेत्यासाठी ३०,००० युरो होते. शर्यतीचे अंतर निम्म्याहून कमी होते हे खरे. परंतु पारितोषिक विसाव्या भागाहून किंचितच अधिक होते. ही तफावत डाइग्नन यांच्या संघाने स्वतः भरून दिली. तथापि, न्याय हा कोणाच्या औदार्यावर अवलंबून ठेवता येत नाही. त्यासाठी नियमच हवा. आंतरराष्ट्रीय सायकल संघटनेने २०२० पासून सर्वोच्च श्रेणीच्या महिला संघांना किमान वेतन आणि प्रसूती रजा बंधनकारक केली, हे त्या दिशेने पडलेले महत्त्वाचे पाऊल होते. त्यापूर्वी अनेक व्यावसायिक महिला खेळाडूंना उदरनिर्वाहासाठी अन्य काम करावे लागे.

२०२१ ते २०२५ या काळातील पाच शर्यती अनुक्रमे ब्रिटन, इटली, कॅनडा, बेल्जियम व फ्रान्स या पाच देशांच्या महिलांनी जिंकल्या. वाट खुली होताच चालणाऱ्यांची वाण पडली नाही, हीच या शर्यतीची शिकवण होय.