दोर समजून

शाळेत आमचे संस्कृतचे मास्तर रज्जुसर्पाचा दृष्टान्त हटकून द्यायचे. अंधुक उजेडात पडलेला दोर माणसाला साप वाटतो, तो घाबरतो. दिवा आणला की भ्रम फिटतो. पस्तीस वर्षं बँकेत आकडेमोड केली, चार कादंबऱ्या लिहिल्या, आणि मग या दृष्टान्ताची उलटी बाजू भेटली. ती गेल्या वर्षीच्या श्रावणात, सावंतवाडीहून आंबोलीकडे जाताना.

संध्याकाळचे साडेपाच झाले असतील. मोठी सर नुकतीच ओसरून ऊन पडलं होतं. गाडी मी चालवत होतो, शेजारी पत्नी, मागे दहा वर्षांची नात. समोर रस्त्यावर सुंभाचा दोर आडवा पडलेला दिसला. ट्रकवरून असे दोर पडतातच. मी वेग कमी केला नाही. चाकाखाली काहीतरी मऊ आलं आणि मागून नात ओरडली, "आजोबा, तो हलला!"

धामण होती. सहा फुटांची तरी असेल. गाडी कडेला घेऊन मी मागे चालत आलो, तेव्हा तिची शेपटी अजून वळवळत होती. नात रडली नाही. तिनं एवढंच विचारलं, "ती बाजूला का नाही झाली?"

मला उत्तर देता आलं नाही. घरी परतल्यावर पुस्तकं काढली, दोन-चार जाणकारांना गाठलं. साप, सरडे, घोरपडी यांच्या अंगात आपल्यासारखी ऊब तयार होत नाही. ती बाहेरून घ्यावी लागते. डांबर ऊन पिऊन घेतं आणि दिवेलागणीनंतरही बराच वेळ कोमट राहतं. आपल्याला जो रस्ता वाटतो, ती सापाला शेकायची जागा वाटते. शिवाय साप पुढे सरकतो तो जमिनीच्या खडबडीतपणाला अंग रेटून. गुळगुळीत रस्त्यावर त्याला रेटा मिळत नाही, चाल मंदावते. आणि धोका जाणवला की काही साप पळण्याऐवजी जागीच थिजतात. गवतात ही युक्ती जीव वाचवते. टायरपुढे ती जीव घेते.

त्यात पावसाळा. बिळांत पाणी शिरतं. बेडूक रस्त्यावर येतात, त्यांच्या मागोमाग विरोळे येतात. नागाची अंडी पावसाच्या तोंडाला फुटतात. घोणस तर थेट पिल्लंच घालते, एका वेळी वीस-तीस, कधी त्याहूनही जास्त. वीतभर लांबीचे हे जीव पहिल्यांदा जग बघायला निघतात ते नेमके आपण धबधबे बघायला निघतो त्या दिवसांत.

पत्नी म्हणाली, "परवाच नागपंचमी झाली हो." आमच्या घरी त्या दिवशी चिरत नाहीत, तळत नाहीत, जमीन खणत नाहीत, नागाला इजा नको म्हणून. गाडी जपून चालवा असं मात्र आजीनं कधी सांगितलं नाही. तेव्हा आमच्या गावात गाडीच नव्हती.

मला १९८७ साल आठवलं. याच भागातल्या एका शाखेत मी शेतीकर्जं बघत होतो. एका म्हाताऱ्या शेतकऱ्याच्या घरी पाहणीला गेलो, तर भाताच्या कणगीमागून धामण निघाली. मी दोन पावलं मागे सरलो. म्हातारा हसला. "घाबरू नकात सायबानू, ती आमची राखणदारीण. ती आसा म्हणान कणगीत भात आसा." उंदीर किती धान्य खातात हे त्याला कुणी शिकवायला नको होतं. मी त्याचे बैल, नांगर, विहीर, सगळ्याची किंमत मांडली. धामणीसाठी अर्जात रकाना नव्हता.

रस्त्यावर मेलेल्या धामणीसाठीही कुठे रकाना नसतो. पंचनामा नाही, भरपाई नाही. सकाळपर्यंत कावळे आणि घारी जागा साफ करतात आणि काही घडलंच नाही असं होतं.

कॅनडातल्या ऑन्टॅरिओ प्रांतात लाँग पॉइंट येथे अभ्यासकांनी रस्त्यावर खोटे साप आणि कासवं ठेवून पाहिली. २००७ साली तो अभ्यास प्रसिद्ध झाला. शंभरातल्या सुमारे तीन चालकांनी मुद्दाम गाडी त्यांच्या अंगावर घातली. हे वाचून मी प्रथम सुटकेचा श्वास टाकला. त्या तिघांत मी नव्हतो. मग लक्षात आलं, उरलेल्यांत मी होतो, आणि धामणीच्या दृष्टीनं त्यात काही फरक पडला नव्हता. मी द्वेषानं मारलं नाही. मी नीट पाहिलं नाही, एवढंच.

उपाय नाहीत असं नाही. अमेरिकेत इलिनॉय राज्यातल्या शॉनी जंगलात सुमारे चार किलोमीटरचा एक रस्ता १९७२ पासून वसंतात आणि शरदात दोन-दोन महिने वाहनांना बंद ठेवतात, फक्त सापांना ओलांडता यावं म्हणून. आपल्याकडे पेंचजवळ नागपूर-जबलपूर महामार्गाखालून प्राण्यांसाठी नऊ वाटा ठेवल्या आहेत. प्रत्येक घाटात हे होईल तेव्हा होवो. पावसाळ्यात रानातून जाताना, विशेषतः तिन्हीसांजेनंतर, वेग तीस-चाळीसवर आणायला मात्र कुणाच्या मंजुरीची गरज नाही.

यंदा पुन्हा त्याच रस्त्यानं गेलो. पुढे तसंच काहीतरी आडवं दिसलं. आरशात मागे कुणी नाही हे पाहून मी गाडी सावकाश कडेला थांबवली. आम्ही दोघं खाली उतरलो. जरा दुरूनच नातीनं निरखून पाहिलं आणि हसली.

दोर होता. तिनं तो उचलला आणि कडेच्या गवतात टाकून दिला.