रिकाम्या सिलिंडरचे ठोके

सामोआतल्या कितीतरी गावांत संध्याकाळची घंटा म्हणजे गॅसचा रिकामा सिलिंडर. तो झाडाला किंवा लाकडी चौकटीला टांगलेला असतो. एखादा पोरगा येतो, लोखंडाचा तुकडा उचलतो आणि ठोके द्यायला लागतो. काही गावांत अजून शंख फुंकतात. पण सिलिंडरचा आवाज लांब जातो आणि तो फुकट मिळतो.

पहिल्या ठोक्यांना घरी परतायचं. मैदानावरचं किलिकिती, म्हणजे क्रिकेटचा तिथला अवतार, आटोपतं. दुसऱ्या ठोक्यांना प्रार्थना सुरू. तिसऱ्यांदा वाजलं की सुटका. मधल्या दहा-वीस मिनिटांना म्हणतात ‘सा’. या शब्दात पवित्र आणि निषिद्ध दोन्ही आलं. आपलं ‘सोवळं’ त्याच्या बरंच जवळ जातं.

पारंपरिक घर म्हणजे फाले: खांब, वर छप्पर, भिंती नाहीत. वारापाऊस आला तर नारळाच्या झावळ्यांचे विणलेले पडदे सोडायचे. त्यामुळे दिवेलागणीला कोण मांडी घालून बसलंय आणि कोण लोळतंय, हे अख्ख्या गावाला दिसतं. चटईवर कुटुंब बसतं, भजन सुरू होतं. पुस्तकाशिवाय, पेटीशिवाय, आणि तरी बायका एका पट्टीत, पुरुष खालच्या, असे स्वर आपोआप वाटले जातात. मग बायबलचा उतारा, मग घरातल्या वडीलधाऱ्याची प्रार्थना.

रस्त्यावर आउमांगाची पोरं उभी असतात. आउमांगा म्हणजे ज्यांना अजून मताईपद, घराण्याचा किताब, मिळालेलं नाही असे पुरुष. गावाची अंगमेहनतही तेच करतात आणि पहाराही. पायी जाणारा परका सा चालू असताना सापडला तर त्यानं जिथे असेल तिथे निमूट बसावं. गावातल्याच कुणी सा मोडला तर प्रकरण फोनोपुढे, मताईंच्या पंचायतीपुढे जातं. दंड डुकरांत, विणलेल्या चटयांत किंवा डबाबंद मासळीच्या खोक्यांत भरायचा.  

म्हणजे सा चर्च पाळायला लावत नाही, गाव लावतं. मला या व्यवस्थेचं खरं मर्म इथे दिसतं. ख्रिस्ती धर्म आला तोही असाच, सरदारामार्फत. ऑगस्ट 1830 मध्ये लंडन मिशनरी सोसायटीचा जॉन विल्यम्स सावाई बेटावर सापापालिई इथे उतरला, तेव्हा त्यानं आधी गाठलं ते मालिएतोआ वाइनुउपो या बड्या सरदाराला. विल्यम्स थोड्याच दिवसांत निघून गेला. मागे राहिले ताहिती आणि कुक बेटांकडचे आठ शिक्षक, आणि घरोघर शिकवण्याचं काम पॉलिनेशियन माणसांनीच केलं. नाफानुआ या युद्धदेवतेनं मालिएतोआला सांगून ठेवलं होतं, तुझ्या राज्याचा मुकुट स्वर्गातून येईल. विल्यम्स आला आणि लोकांनी दोन टोकं जुळवली. 1844 मध्ये मालुआ या ठिकाणी पाद्री घडवणारं विद्यालय निघालं, 1855 पर्यंत सगळं बायबल सामोअन भाषेत आलं.

पाद्री म्हणजे फाइफेआऊ. तो त्याच गावचा नसावा, असा रिवाज. गाव त्याच्याशी करार करतं, त्याला फेआंगाइंगा म्हणतात. मुळात हा शब्द बहीण-भावाच्या नात्याचा. बहिणीचा मान जपणं हे भावाचं कर्तव्य. तीच मानाची जागा पाद्र्याला मिळाली. त्याचं घर गाव बांधतं, जेवण गाव पाठवतं. त्याच्याच शाळेत मुलं चित्रांच्या तक्त्यावरून अक्षरं गिरवतात. त्या तक्त्यावर हत्ती आहे, जो या बेटांवर कधी नव्हता.

रविवारी पहाटे गावावर धूर असतो. तापलेल्या दगडांची चूल, उमू, लागलेली असते. त्यात फणसाचा भाऊबंद ब्रेडफ्रूट, अळकुड्या आणि पालुसामी: अळूच्या कोवळ्या पानांत बांधलेलं नारळाचं घट्ट दूध. कोकणातला माणूस इथे उपाशी राहायचा नाही. मग पांढरे कपडे, बायकांच्या रुंद टोप्या, आणि चर्च. तिथे कुठल्या घरानं किती दिलं हे अनेक ठिकाणी नावानिशी मोठ्यानं वाचलं जातं. हे मला खुपतं. न्यूझीलंडला कामाला गेलेल्या मुलाचे डॉलर या यादीत जिरतात. 2017 मध्ये पाद्र्यांच्या उत्पन्नावर कर लावायचा कायदा झाला, तेव्हा सगळ्यात मोठ्या चर्चनं तो भरायला नकार दिला. आणि गावाची एकी सगळ्यांनाच मानवते असं नाही. वेगळ्या पंथाची प्रार्थना भरवली म्हणून गावाबाहेर काढलेल्या कुटुंबांची प्रकरणं न्यायालयात गेली आहेत. त्यांनी राज्यघटनेतल्या धर्मस्वातंत्र्याचा आधार घेतला. त्याच घटनेत 2017 मध्ये सामोआ ख्रिस्ती राष्ट्र असल्याचं कलम घातलं गेलं.

रोजच्या जेवणात आधी मोठे बसतात. पोरं बाजूला बसून पंख्यानं माश्या वारतात, आणि उरेल ते नंतर खातात. ऑक्टोबरच्या दुसऱ्या रविवारी मात्र सगळं उलटं. त्या दिवसाला लोतू तामाईती म्हणतात, म्हणजे मुलांची उपासना. नवे पांढरे कपडे घालून मुलं वेदीपुढे पाठ केलेली वचनं म्हणतात, बायबलमधले प्रसंग नाटकातून करून दाखवतात, एखादं मध्येच विसरून रडतं. घरी आल्यावर ताटं आधी त्यांच्यापुढे, वाढायला आईबाप. सोमवारी देशभर सुट्टी असते. पण त्या संध्याकाळी सिलिंडर वाजून झाला, प्रार्थना आटोपली, ताटं आली, की पंखा पुन्हा पोरांच्या हातात.