केडगावची मुक्ती

पुणे जिल्ह्यात, दौंड तालुक्यातल्या केडगावला पंडिता रमाबाईंची ‘मुक्ती’ ही संस्था आहे. तिची मुळे शारदासदनात आहेत. ब्राह्मण घरात जन्मलेल्या आणि संस्कृत विद्वत्तेमुळे कलकत्त्यात ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ या पदव्या मिळवलेल्या रमाबाईंनी १८८३ मध्ये इंग्लंडमधील वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतला. अमेरिकेत व्याख्याने देऊन त्यांनी निधी जमवला आणि ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत उच्चवर्णीय विधवांसाठी शारदासदन सुरू केले. पुढच्याच वर्षी ते पुण्याला आले. गोदूबाई, म्हणजे पुढे महर्षी कर्वे यांच्या पत्नी झालेल्या आनंदीबाई, याच शाळेच्या विद्यार्थिनी.

सदनात मुलींना आपापल्या जातीचे नियम पाळता येत. धर्माच्या बाबतीत तटस्थ राहण्याचे आश्वासनही दिलेले होते. मात्र काही मुली रमाबाईंच्या प्रार्थनेला बसू लागल्या, तेव्हा पुण्यात गदारोळ उठला. ‘केसरी’ वृत्तपत्राने कडाडून टीका केली आणि १८९३ मध्ये समाजसुधारक रानडे व भांडारकर सदनाच्या सल्लागार मंडळातून बाहेर पडले. आश्वासन मोडल्याचा आक्षेप बिनबुडाचा नव्हता. तरीही केशवपन करून कोपऱ्यात बसवलेल्या मुलींना आसरा कोण देणार, या प्रश्नाला टीकाकारांकडे उत्तर नव्हते, हेही खरेच.

१८९६-९७ च्या दुष्काळाने संस्थेचे रूप पालटले. रमाबाईंचे आईवडील आणि बहीण आधीच्या एका दुष्काळातच गेले होते. उपासमार म्हणजे काय, हे त्यांनी स्वतः सोसले होते. त्या मध्य प्रांतात गेल्या आणि पोरक्या, भुकेल्या, बायका पळवणाऱ्यांच्या तावडीत सापडण्याजोग्या सुमारे ३०० मुली-बायका घेऊन आल्या. इथे जातीची अट उरली नाही. पुण्यात प्लेगची बंधने होती, त्यामुळे त्यांना तिथे ठेवता येईना. तेव्हा शारदासदनाला उत्पन्न व्हावे म्हणून केडगावला घेतलेली सुमारे १०० एकर जमीन कामी आली. आधी तंबू-झोपड्या, मग पक्क्या इमारती झाल्या; हीच ‘मुक्ती’. १९०० च्या गुजरातेतील दुष्काळानंतर रहिवाशांची संख्या दोन हजारांच्या घरात गेली.

एवढ्या जणींना नुसते पोसणे रमाबाईंना मान्य नव्हते. लिहिणे-वाचणे सगळ्यांनाच होते, पण त्याबरोबर शेती, गोठा, हातमाग, शिवण, तेलाचा घाणा आणि छापखाना ही कामेही बायकाच करत. खिळे जुळवण्यापासून पुस्तक बांधण्यापर्यंत सारे त्यांच्या हाती होते. फसवल्या गेलेल्या, समाजाने ‘पतित’ ठरवलेल्या स्त्रियांसाठी कृपासदन निघाले. रमाबाईंच्या कन्या मनोरमाबाईंनी ब्रेल लिपी शिकून अंध मुलींना वाचायला शिकवले. स्त्रीला दयेबरोबर स्वतःची मिळकतही हवी, हे मुक्तीने जितक्या स्पष्टपणे ओळखले, तितके त्या काळात फार थोड्या संस्थांनी ओळखले.

ख्रिस्ती झाल्या तरी रमाबाईंनी सरकारची भीड ठेवली नाही. १८९७ मध्ये प्लेगच्या व्यवस्थेत बायकांची होणारी विटंबना त्यांनी ‘बॉम्बे गार्डियन’मध्ये पत्र लिहून चव्हाट्यावर आणली.

आयुष्याची शेवटची वर्षे त्यांनी हिब्रू व ग्रीक शिकून बायबल सोप्या मराठीत आणण्यात घालवली. साध्या बाईला ते वाचता यावे, हा त्यांचा कटाक्ष होता. मनोरमाबाई १९२१ मध्ये वारल्या आणि ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंचेही निधन झाले. त्यांचे बायबल १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले. केडगावची संस्था आजही निराधार स्त्रिया व मुलांसाठी चालू आहे.