पुसता न येणारा एको

१९५१ साली गाजलेल्या 'हाऊ हाय द मून'मध्ये गिटारचे आणि गळ्याचे कितीतरी थर आहेत. माणसं मात्र दोनच, लेस पॉल आणि मेरी फोर्ड. लेस पॉलनी आपल्या टेप रेकॉर्डरला एक जादा हेड बसवून घेतलं होतं. टेपवरचं जुनं वाजत असतानाच त्यात नवं मिसळायचं आणि त्याच टेपवर दोन्ही मिळून पुन्हा उतरवायचं. एको दिलाय तो कमी-जास्त करायची सोय नाही, आणि शेवटच्या थरात सूर चुकला तर पहिल्यापासून सुरुवात.

आपल्याकडच्या सिनेगीतांचंही त्या काळात फारसं वेगळं नव्हतं. गायक आणि वाद्यवृंद एकत्रच रेकॉर्ड होत, आवाजावरचा एको टेकबरोबरच उतरे.

मग लंडनचा ॲबी रोड स्टुडिओ. १९६६ मध्ये बीटल्सच्या 'रिव्हॉल्व्हर' अल्बममधलं 'टुमारो नेव्हर नोज' करताना जेफ एमरिक या तरुण रेकॉर्डिस्टने जॉन लेननचा आवाज हॅमंड ऑर्गनच्या लेस्ली स्पीकरमधून, म्हणजे गरगर फिरणाऱ्या भोंग्यातून, काढला. पुढच्याच वर्षी आलेला त्यांचा 'सार्जंट पेपर' अल्बम चार ट्रॅकच्या यंत्रांवर झाला. चारही ट्रॅक भरले की त्यांचा मिक्स दुसऱ्या यंत्राच्या एक-दोन ट्रॅकवर उतरवायचा आणि रिकामे राहिलेले पुढच्या वाद्यांना द्यायचे. या बाउन्समध्ये इक्यू, कॉम्प्रेशन, एको सगळं गोठून जाई. या 'निर्णयक्षमते'चे आज फार गोडवे गातात. मला त्यात निम्मा तरी नाइलाज दिसतो. पाचवा ट्रॅक असता तर त्यांनी तोही आनंदाने वापरला असता.

कॉम्प्युटरने हा नाइलाज संपवला, पण एका फटक्यात नाही. १९९१ चं प्रो टूल्स हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअरही चारच ट्रॅकचं होतं. खरा फरक पडला तो १९९६ च्या क्युबेस व्हीएसटीने. वेगळं महागडं कार्ड न घेता साध्या कॉम्प्युटरच्या प्रोसेसरवर गाणं वाजतावाजता इफेक्ट चालू लागले. मूळ रेकॉर्डिंग कोरंच राहतं, रिव्हर्ब ही त्याला जोडलेली नुसती सूचना. सहा महिन्यांनी मत बदललं तरी बिघडत नाही.

प्रोसेसर मात्र धापा टाकू लागला. दहा-बारा जड प्लग-इन, म्हणजे इफेक्टचे छोटे प्रोग्रॅम, झाले की गाणं अडखळायचं. २००३ मध्ये लॉजिक या तशाच सॉफ्टवेअरच्या सहाव्या आवृत्तीत 'फ्रीज' आलं: ट्रॅक इफेक्टसकट फाइलमध्ये उतरवायचा, प्लग-इनला विश्रांती द्यायची आणि वाटलं तर पुन्हा वितळवायचं. पक्कं करायचं पण परतीची वाट उघडी ठेवायची, असा हा मधला मार्ग. प्रो टूल्समध्ये २०१५ साली 'कमिट' आलं, ते सरळ नवा पक्का ट्रॅक बनवतं.

तोवर कॉम्प्युटर पुष्कळ वेगवान झाले होते. तरीही लोक ट्रॅक प्रिंट करत, म्हणजे इफेक्टसकट पक्के उतरवत, राहिले, कारण दुखणं आता वेगळंच होतं. २००२ मध्ये ॲपलने लॉजिकची कंपनी विकत घेतली आणि विंडोजवरचं लॉजिक थांबलं. २०१३ चं प्रो टूल्स ११ चौसष्ट बिटचं झालं, जुन्या घडणीचे प्लग-इन त्यात चालेनात. २०१९ मध्ये मॅकओएस कॅटालिनाने बत्तीस बिटचे सगळेच प्रोग्रॅम बाहेर काढले. जुनं सेशन उघडलं की ट्रॅक जागेवर, पण ज्या डिलेवर अख्खं कडवं उभं होतं त्या जागी राखाडी चौकोन. ज्यांनी वेळीच प्रिंट केलं होतं त्यांची वेव्ह फाइल मात्र मुकाट्याने वाजते. म्हणून जाणते रेकॉर्डिस्ट हल्ली दोन्ही ठेवतात: प्रिंट केलेला ट्रॅक चालू, आणि त्याखाली कोरा, लपवून बंद केलेला.

कोरं जपलेलं असलं की काय साधतं ते २०१७ मध्ये दिसलं. निर्माते जाइल्स मार्टिननी 'सार्जंट पेपर'चा नवा मिक्स केला तो बाउन्सच्या आधीच्या टेपा काढून. 'रिव्हॉल्व्हर'च्या वेळी ती सोय नव्हती. त्यातल्या 'टॅक्समन'चे ड्रम, बेस आणि गिटार मुळातच एका ट्रॅकवर उतरलेले. ते सुटे करायला २०२२ उजाडावं लागलं, तेही चित्रपट दिग्दर्शक पीटर जॅक्सनच्या चमूने शिकवून तयार केलेल्या संगणक-प्रणालीच्या मदतीने. लेननचा लेस्लीतला आवाज त्या नव्या मिक्समध्येही गरगरतोच आहे, आणि तो कोरा ऐकावा असं मला तरी वाटत नाही.