आधी पोटरी, मग हात

आखाजीला आमच्या नशिराबादच्या अंगणात चुलीवर खापर पालथं पडतं आणि पोरांची आजी मांडे करायला उभी राहते. पुरण भरलेली पोळी ती पोळपाटावर जराशी लाटून घेते आणि मग हातांवर उचलते. या हातावरून त्या हातावर, मनगटावरून कोपरापर्यंत फिरवत जाते, तशी पोळी पसरत पसरत रुमालाएवढी पातळ होते. मग एका झटक्यात ती खापरावर. ना घडी, ना भोक.

यंदा धाकटी नात शेजारी उभी होती. म्हणाली, “आबा, आजी एवढी पुढे झुकते, तर चुलीत पडत कशी नाही?”

असले प्रश्न शाळेत जायच्या आधीच पडतात. पुढे परीक्षेला येणारे तेवढेच पडायला लागतात.

मी शंभराची नोट काढली आणि थोरल्या नातवाला ओसरीच्या भिंतीला पाठ लावून उभं केलं. टाचाही भिंतीला टेकवायला लावल्या. नोट त्याच्या पायांपुढे टाकली. “गुडघे न वाकवता उचल. उचललीस तर तुझी.” गडी हसत वाकला आणि थेट माझ्या अंगावर आला. तीनदा प्रयत्न झाले. नोट माझ्याच खिशात परत गेली.

आपण पुढे वाकतो तेव्हा कंबर आपोआप मागे सरकते, म्हणून अंगाचा भार पावलांवरच राहतो. भिंतीनं कंबरेची वाट अडवली, एवढंच.

पण कंबरेला कोण सांगतं? आपण तर फक्त “नोट उचल” एवढंच ठरवलेलं असतं.

“आता गंमत ऐका,” मी म्हटलं. “आजी हात पुढे करते ना, त्याआधी तिची पोटरी आवळलेली असते.” हात उचलणारा स्नायू जागा होण्याआधीच, सेकंदाचा एक बारीकसा तुकडा आधी, मांडीच्या मागचे आणि पोटरीचे स्नायू तयार होतात. रशियन शास्त्रज्ञांनी 1967 मध्ये हे मोजून दाखवलं. हात पुढे गेला की तोल पुढे जाणार, हे शरीराला आधीच ठाऊक असतं. तोल गेल्यावर सावरणं वेगळं आणि जाण्याआधीच बंदोबस्त करणं वेगळं.

नातीच्या डाव्या तळहातावर मी पाण्यानं भरलेला तांब्या ठेवला आणि न सांगता उचलून घेतला. तिचा हात टुणकन वर उडाला. मग तोच तांब्या तिला स्वतःच्या उजव्या हातानं उचलायला सांगितला. डावा हात जागचा हलला नाही. भार कधी हलका होणार, हे आता तिच्या मेंदूला आधीच कळलेलं होतं.

हे हुकूम मेंदूकडून खाली येतात ते मज्जारज्जूतून. मोठ्या माणसात हा रज्जू जेमतेम करंगळीएवढा जाड आणि साधारण 45 सेंटीमीटर लांब असतो. पण त्यात खाली जाणारी वाट एकच नाही. आपल्या मर्जीची वाट मेंदूच्या वरच्या सालीतून निघते. दोन्ही बाजूंना साधारण दहा-दहा लाख तंतू. मानेच्या जरा वर त्यातले बहुतेक बाजू बदलतात, डावीकडचे उजवीकडे आणि उजवीकडचे डावीकडे. भुसावळ स्टेशनाच्या अलीकडे गाडी खडखडत रूळ बदलते ना, तसं. मांडा बोटांवर नाचतो तो या वाटेमुळे.

पोटरी आणि कंबर सांभाळणाऱ्या वाटा मात्र जुन्या आहेत. त्या मेंदूच्या देठातून निघतात आणि आपल्याला विचारत बसत नाहीत. त्यातली एक कानाच्या आतल्या तोलयंत्राशी बांधलेली आहे. लिंबाच्या झोक्यावर पोरी उभ्यानं झोके घेत होत्या, त्यांच्याकडे बोट दाखवून मी म्हटलं, “बघा, गाणं तोंडात आहे, लक्ष मैत्रिणीकडे आहे, आणि गुडघे आपले आपण काम करताहेत.” अंग डावीकडे कललं की ही वाट डावा पाय ताठ करते. ती बाजू बदलत नाही. बदलून चालणारच नाही, कारण पडायचं असतं त्याच बाजूला.

1968 मध्ये लॉरेन्स आणि कायपर्स यांनी माकडांची फक्त मर्जीची वाट दोन्ही बाजूंनी तोडून पाहिली. प्रयोग क्रूर, त्याचं मी कौतुक करणार नाही. पण माकडं काही आठवड्यांत पळू लागली, चढू लागली. छोट्या खळगीतला खाऊ एका बोटानं काढणं मात्र त्यांना पुन्हा जमलं नाही.

आमच्या गल्लीतल्या माझ्या जुन्या मित्राला लकवा झाला. उजवं अंग गेलं, बिघाड मेंदूच्या डाव्या बाजूला. आज तो काठी टेकत पारापर्यंत येतो. सदऱ्याची बटणं अजून सून लावून देते. त्याच्याकडे पाहिलं की मला ती माकडं आठवतात.

एवढ्यात झोळीतलं सगळ्यात धाकटं, चार महिन्यांचं, जागं झालं. मी त्याच्या तळव्यावरून, टाचेकडून बोटांकडे, नख हळूच ओढलं. अंगठा वर गेला, बाकीची बोटं पंख्यासारखी पसरली. पोरं खिदळली. बाबिन्स्की नावाच्या फ्रेंच डॉक्टरनं 1896 मध्ये ही खूण टिपली होती. बाळात ती दिसणारच, कारण मर्जीच्या वाटेवरच्या तारांना अजून पुरतं आवरण चढलेलं नसतं. साधारण दोन वर्षांचं होईपर्यंत अंगठा खाली वळायला लागतो. मोठ्या माणसाचा अंगठा असा वर गेला, तर डॉक्टर मेंदूत किंवा मज्जारज्जूत बिघाड शोधू लागतात.